शिरोड्याचं मीठ पिकतं राहावं

वेंगुर्ल्याहून रेडीकडे जाताना शिरोडं लागतं. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिकवलं आणि मे १९३० मध्ये इथल्याच मिठागरावर सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला. शिरोड्याची ओळख बहुतेकदा या दोन गोष्टींपाशीच थांबते. ज्या मिठासाठी लोक तुरुंगात गेले, ते मीठ पिकवणाऱ्यांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

पावसाळा सरला की आगरातलं पाणी नि गाळ काढतात, बांध लिंपतात, तळ तुडवून घट्ट करतात. मग भरतीचं पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम पस्तीस ग्रॅम क्षार. ऊन-वाऱ्याने पाणी आटून साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरू लागतं. आधी वर सायीसारखी पातळ पापडी येते, ती तळाशी बसते आणि खडे वाढू लागतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढताना हात हलका लागतो. जरा जोर पडला की तळचा चिखल वर येऊन मीठ काळवंडतं. पाणी फार आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार उतरून कडवटपणा येतो. उरलेलं पाणी नेमकं कधी सोडायचं, हे जाणते डोळेच ठरवतात. अवेळी एक सर आली तरी मेहनत विरघळते.

स्वस्त मिठाची स्पर्धा या किनाऱ्याला नवी नाही. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून, पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं होतं. आपल्या मुलखातल्या मिठाचा व्यापार बुडू नये, ही त्यामागची काळजी. त्या काळी घाटावरच्या मुलखात मीठ चढायचं ते कोकणातूनच, बैलांच्या पाठीवरून. आज देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातेत होतं. तिथल्या विस्तीर्ण आगरांपुढे हाताने ओढलेल्या मिठाला भाव कसा मिळणार?

त्यात २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. गलगंड रोखणारा हा नियम योग्यच आहे, तो सैल करावा असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळे आगरातलं खडेमीठ स्वयंपाकघरातून निघालं आणि मासे खारवणं, बर्फाचे कारखाने, माडांच्या मुळांत घालणं एवढ्यावर आलं. यातून वाट निघू शकते. आयोडीनीकरण म्हणजे मिठावर पोटॅशियम आयोडेटचं द्रावण मोजून फवारणं. त्याला अवाढव्य कारखाना लागत नाही. फ्रान्समधल्या गेरांदच्या मीठकऱ्यांनी १९७० च्या दशकात पर्यटन प्रकल्पांविरुद्ध लढून आपली आगरं वाचवली, १९८८ मध्ये सहकारी संस्था काढली आणि हातच्या मिठाला गावाच्या नावाने भाव मिळवला. सहकार महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको.

शिरोड्यात आगरवाल्यांची एक संस्था, आयोडीन मिसळण्याचं छोटं केंद्र आणि पिशवीवर गावाचं नाव, एवढं तरी शासनाने आणि जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांनी मिळून उभं करावं. आणि वाचकहो, उन्हाळ्यात तिकडे गेलात तर समुद्र पाहून परतू नका. आगरावर जा, मीठ ओढणाऱ्यांशी बोला, बागेतल्या माडांसाठी का होईना, एक गोण त्यांच्याकडूनच घ्या.