मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज



व्याख्यानमालेत घरातले स्पीकर कसे मांडावेत हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस, पेन्शन यांवर बोलावे. ह्या करमणुकीच्या वस्तूंशी त्याचा काय संबंध, अशी शंका कोणी काढली तर ती गैर नाही. परंतु संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ नि बदलापूर ह्या तिन्ही गावांत आज कामगाराच्या घरीही टीव्हीखाली लांब साउंडबार, नाहीतर पाच लहान स्पीकर नि एक जाडजूड वूफर असा संच दिसतो. तो बहुधा हप्त्यांनी घेतलेला असतो. आणि हप्ते सुरू झाल्यावर घरात एक नवे भांडण सुरू होते. निवृत्त झालेले वडील आवाज वाढवतात, दहावीचा मुलगा तो कमी करतो, वडील पुन्हा वाढवतात, आणि मग शेजारी दार वाजवतो.

आम्ही गेटसभांत नि मांडवांत कर्ण्यांबरोबर आयुष्य घालवले आहे. ध्वनीचे शास्त्र आम्ही कोणत्या कॉलेजात शिकलो नाही. जुन्या बाजारातली पुस्तके नि मांडववाल्या मंडळींची संगत हेच आमचे गुरुकुल. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली, तीच आज सांगावयाची आहे. मोठा आवाज निराळा आणि स्पष्ट आवाज निराळा. मोठा आवाज पैसे मोजून मिळतो. स्पष्ट आवाज मिळतो तो मांडणीने, आणि मांडणीला पैसा फारसा लागत नाही.

आधी त्या निवृत्त वडिलांकडे पाहू. ते म्हणतात, "ऐकू येतं रे, पण कळत नाही." पुष्कळांना हा हट्ट वाटतो, वस्तुतः हे वाक्य शास्त्राला धरून आहे. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ असे स्वर असतात. त्यांचा जोर मोठा आणि कंपने तुलनेने कमी. त, प, क, स, श ह्या व्यंजनांचा जोर थोडा, आणि त्यांतील पुष्कळांची ओळख वरच्या कंपनांत असते. अर्थ मात्र व्यंजनांवर उभा असतो. ताट की पाट, सात की हात, हे व्यंजनच सांगते. आता वर्षानुवर्षे प्रेसखाली, ग्राइंडरपाशी, कॉम्प्रेसरच्या खोलीत काम केलेल्या माणसाचा कान प्रथम बिघडतो तो बहुधा सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपास. म्हणजे स्वर शाबूत राहतात आणि व्यंजने झिजतात. अशा माणसासाठी नुसता आवाज वाढवला की स्वर आणि धडधड वाढते, पण ताट-पाट यांचा घोळ कायम राहतो.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. कारखान्यातील आवाजाने येणारा बहिरेपणा हा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याला जागा आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही नियमांतील मर्यादा आहे. तेव्हा "वयामुळे होतं असं" म्हणून स्वस्थ न बसता कानांची तपासणी करून तिचा कागद जपून ठेवावा. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. आज आपण घरात परत जाऊ.

दुकानात गेलात की खोक्यावर मोठा आकडा दिसतो: अमुक हजार वॉट, आणि बाजूला पीएमपीओ ही अक्षरे. त्या आकड्यावर जाऊ नये. तो क्षणभराच्या शिखराचा, मोजण्याची ठरलेली पद्धत नसलेला आकडा आहे. सतत मिळणारी शक्ती आरएमएस ह्या अक्षरांपुढे लिहिलेली असते. कामगाराला हे समजावणे सोपे आहे. जाहिरातीतला पगार आणि सर्व कपाती जाऊन हातात पडणारा पगार यांत जे अंतर, तेच ह्या दोन आकड्यांत. शिवाय कानाचा हिशेब न्यारा असतो. आवाज दुप्पट वाटावा म्हणून शक्ती दुप्पट करून भागत नाही, सुमारे दहापट करावी लागते. उलट, घरगुती स्पीकरला अवघा एक वॉट दिला तरी एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज निघतो, आणि साध्या संभाषणाचा आवाज तेवढ्याच अंतरावर ६० च्या आसपास असतो. म्हणजे दहा बाय चौदाच्या खोलीत बातम्या ऐकताना आपण एक वॉटसुद्धा पुरता वापरीत नाही. हजार वॉटांचे पैसे मोजलेले असतात, ते कपाटावर धूळ खातात.

तर मग अडते कोठे? अडते खोलीत. अंबरनाथच्या शिवमंदिरात, इसवी सन १०६० च्या त्या दगडी मंदिरात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर एखादा शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा. शब्द संपतो, नाद रेंगाळतो. देवळात तो नाद गोड वाटतो, पण तेथे कोणी बातम्या वाचू लागला तर एक शब्द दुसऱ्यावर चढून बसेल. आपल्या नव्या इमारतींतली खोली तशीच कठीण असते: सिमेंटच्या भिंती, फरशी, काच, लोखंडी कपाट. आवाज ह्यांवर आपटून परत येतो आणि पुढच्या अक्षरावर पडतो.

ह्या शास्त्राचा जन्म, आपणांस ऐकून आनंद होईल, एका व्याख्यानगृहातच झाला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या दालनात वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना कळेना. १८९५ साली वॉलेस सॅबाइन ह्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या करून त्या दालनात मांडल्या आणि प्रत्येक वेळी नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजले. रिकाम्या दालनात नाद साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकत होता. जसजशा गाद्या वाढल्या, तसतसा तो लवकर विरू लागला. उजाडण्यापूर्वी गाद्या परत जागेवर! खोली किती मोठी आणि तिच्यात आवाज शोषणारे किती, ह्यावर नादाचा काळ ठरतो हा नियम त्यातून निघाला. आपल्या घरी गाद्या आहेतच. खाली सतरंजी अंथरावी, खिडकीला जाड चुणीदार पडदा लावावा, टीव्हीसमोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवावे. एवढ्याने जो फरक पडतो तो नवा संच घेऊनही पडणार नाही.

आता स्पीकरांच्या जागा. बोलपट आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा'ने आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन ब्लूमलाइन ह्या इंजिनिअरने दोन बाजूंच्या आवाजाच्या, म्हणजे स्टिरिओच्या, पेटंटसाठी अर्ज केला. हकीकत अशी सांगतात की, पडद्यावर नट एका बाजूला चालतो आहे आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून येतो आहे, हे त्याला चित्रपटगृहात खटकले. डोळ्यांनी पाहिलेले नि कानांनी ऐकलेले जुळावे, एवढाच ह्या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

पाच स्पीकर नि एक वूफर यांना ५.१ असे म्हणतात. त्यांतला मधला स्पीकर सर्वांत महत्त्वाचा, कारण चित्रपटातील संभाषण बहुतेक त्यातूनच येते. पुष्कळ घरांत तोच टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या खोल कप्प्यात कोंबलेला असतो. तो टीव्हीच्या खाली, फळीच्या कडेशी, तोंड थोडे वर करून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या रोखाने ठेवावा. डावा-उजवा असे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही अंगांना, त्या दोघांमधील अंतर आणि बसण्याच्या जागेपासूनचे अंतर साधारण सारखे राहील असे, म्हणजे त्रिकोणात बसवावेत. त्यांतील लहान वर्तुळ, ज्याला ट्वीटर म्हणतात, ते बसलेल्याच्या कानाच्या उंचीला यावे. ४,००० कंपनांची लाट अवघी साडेतीन इंच लांब असते. फुलदाणी, फोटोची चौकट आड आली तरी ती अडते. व्यंजने त्या लाटेवर बसून येतात, हे ध्यानात असू द्यावे. मागचे दोन स्पीकर पाठीमागच्या भिंतीवर दूर टांगण्यापेक्षा बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, कानाहून थोडे उंच ठेवावेत. कोच भिंतीला चिकटवू नये, निदान हातभर पुढे ओढावा.

तार जोडताना लाल टोक लालला नि काळे काळ्याला, हा नियम प्रत्येक स्पीकरला पाळावा. एक जरी उलट जोडला तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि आवाज पोकळ होतो. स्पीकरवर ओहमचा आकडा असतो; ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्या आकड्याहून कमी ओहमचा स्पीकर त्याला जोडू नये, नाहीतर तो तापून बंद पडतो. सगळी यंत्रे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्यावीत. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ती गुणगुण थांबवायला जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

हे झाले की रेडिओवरच्या मराठी बातम्या लावाव्यात. बातमीत संगीताचा आडोसा नसतो, म्हणून परीक्षेला ती उत्तम. आवाज हळूहळू कमी करीत जावा आणि वडिलांना कोचावर बसवून एकेक वाक्य पुन्हा म्हणावयास सांगावे. मग संचाच्या यादीत जाऊन मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी, वूफरची तेवढीच उतरवावी. बहुतेक संचांत रात्रीसाठी एक बटण असते. ते स्फोट दाबते आणि कुजबुज उचलते. इतके केल्यावर पुष्कळ वेळा असे दिसते की, पूर्वीपेक्षा कमी आवाजात वडिलांना अधिक कळते. ज्यांचे कान फारच झिजले आहेत त्यांना श्रवणयंत्र लागेल, ते मांडणीने टळणार नाही.

राहिला वूफर. सेकंदाला ५० कंपनांची लाट सुमारे बावीस फूट लांब असते. तिला गादी अडवीत नाही, पडदा अडवीत नाही, भिंतही फारशी अडवीत नाही. वूफर कोपऱ्यात सारला की दोन भिंती नि जमीन मिळून त्याला आणखी जोर देतात. म्हणून तो कोपऱ्यातून काढावा आणि त्याखाली जाड रबर ठेवावे. योग्य जागा शोधण्याची युक्ती गमतीची आहे: वूफर तात्पुरता कोचाच्या जागी ठेवून गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने ओणवे होऊन फिरावे. जेथे धडधड न घुमता सारखी ऐकू येईल, तेथे वूफरचे स्थान. मुलांना हे काम फार आवडते.

पलीकडच्या भिंतीमागे कोण आहे, हा प्रश्न ह्यानंतर येतो. उल्हासनगर हे लष्करी बराकींतून उभे राहिलेले गाव. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्या लांब बराकींत आडोसे घालून संसार मांडले. १९४९ साली गावाला आजचे नाव मिळाले. तेव्हापासून आजच्या बदलापुरातल्या उंच इमारतींपर्यंत ह्या पट्ट्यात एकाची भिंत ती दुसऱ्याचीही भिंत, असाच संसार चालत आला आहे. कायदा आपल्या परीने काम करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ नि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरवली. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी संचाचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर ह्या पातळीच्या ५ डेसिबलहून वर जाऊ नये, असेही त्यांत आहे.

परंतु कायद्याची रात्र दहाला सुरू होते नि सहाला संपते. औद्योगिक वसाहतीतून तिसरी पाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाची रात्र त्यानंतर सुरू होते. तो दुपारी झोपतो, आणि दुपारी त्याला पूर्ण संरक्षण देणारा नियम पुस्तकात नाही. आठवड्याची सुट्टी ही नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी १८९० साली गिरणी कामगारांसाठी लढून मिळवलेली वस्तू आहे. त्या सुट्टीत माणसाने कुटुंबासह चित्रपट पाहावा, गाणे ऐकावे. तो त्याचा हक्कच आहे. तोच हक्क भिंतीपलीकडच्या माणसाच्या झोपेलाही आहे, आणि तो बहुधा आपल्याच पाळीतला, आपल्याच युनियनचा सभासद असतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच. ह्या रविवारी घरी एक टेप घेऊन अंतरे मोजा, मधला स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा, वूफर कोपऱ्यातून हलवा, सतरंजी अंथरा. वडिलांना समोर बसवा. आणि आवाज ठरवण्यापूर्वी एकदा शेजारच्या दारावर जाऊन विचारा की, घरात कोणाची तिसरी पाळी आहे का.