खोट्या गाडीच्या खऱ्या टोप्या

मोटारीच्या चाकाच्या मधोमध जी चकचकीत वाटी बसवलेली असते, तिला आपल्याकडे व्हील कॅप म्हणतात, अमेरिकेत हबकॅप. तिच्यावाचून गाडीचे काही अडत नाही. ती वजन पेलत नाही की वेग वाढवत नाही. आतल्या बोल्टांवर धूळ-पाणी बसू नये आणि चाक उघडेबोडके दिसू नये, एवढेच तिचे काम. तरीही ती हरवली की मालकाला समोरचा दात पडल्यासारखे वाटते. आमच्या तरुणपणी मुंबईत कुणाच्या फियाटची कॅप चोरीला गेली, की मित्रमंडळी हमखास म्हणत, ‘चोरबाजारात जा, तुझीच तुला विकत मिळेल!’

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या गाडीची एक टोपी हायवेवर उडून गेली, तेव्हा मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. ‘मामा, चारही नवीन मागवल्यात. बसवायला या माझ्याबरोबर,’ म्हणत त्याने मला गॅरेजमध्ये नेले.

गाडी पाहून मी थक्क झालो. बुटकी, उघडी, गोलसर पाठीची पोर्शे ३५६ स्पीडस्टर! मॅक्स हॉफमन या आयातदाराच्या आग्रहावरून पोर्शेने १९५४ साली अमेरिकन गिऱ्हाइकासाठी काढलेली ही साधी गाडी तेव्हा तीन हजार डॉलरच्या आत मिळे. आज अस्सल स्पीडस्टरला काही लाख डॉलर पडतात. माझ्या मनातला हिशेब भाच्याने ओळखला. ‘मामा, खोटी आहे हं! वर फायबरग्लास, खाली फोक्सवॅगन बीटल.’

ज्याचे आयुष्य सह्या ताडून पाहण्यात आणि नोटा उजेडात धरण्यात गेले, त्याला ‘खोटी’ हा शब्द ऐकून काय वाटत असेल, ते बँकेतली मंडळीच जाणोत. पण ही नक्कल परकी नव्हे, नात्यातली आहे. बीटल घडवली फर्डिनांड पोर्शे यांनी, आणि त्यांचा मुलगा फेरी याने १९४८ मध्ये पहिली ३५६ तयार केली ती बीटलचेच बरेच भाग घेऊन. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांत २४०० मिलिमीटर अंतर, ३५६ मध्ये २१००. म्हणून अशा गाड्या बनवणारे बीटलचा सांगाडा बहुधा मधून जवळपास फूटभर कापून पुन्हा जोडतात आणि त्यावर नवे अंग चढवतात.

आता टोपी बसवण्याचे शास्त्र. चाकाच्या पत्र्यावर स्प्रिंगसारख्या पोलादी क्लिपा रिव्हेट केलेल्या असतात, टोपीची आतली कड त्यांच्यावर अडकते. क्लिपा गंजल्या किंवा दबल्या, की टोपी सैल होते आणि एखाद्या खड्ड्यात उडते. मागच्या गाडीच्या काचेवर ती आदळली तर अनर्थच. म्हणून आधी क्लिपांवरचा गंज आणि रंगाचा थर घासून काढायचा, दबलेली क्लिप पकडीने किंचित बाहेर ओढायची. मग टोपीची एक बाजू क्लिपांवर टेकवून समोरच्या कडेवर तळहाताने थाप मारायची. हात कमी पडला तर रबरी हातोडी. मध्यभागी मात्र मारायचे नाही, पातळ पत्र्याला लगेच खळी पडते. नीट बसली की ‘टक्’ असा भरीव आवाज येतो. खुळखुळली तर पुन्हा काढायची.

पण त्याआधी भाच्याने पाना घेऊन एकेक बोल्ट तपासायला सुरुवात केली. ‘एकदा टोपी बसली की आत कोण बघतो?’ तो म्हणाला. मागच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट चांगले अर्धा फेरा फिरले. मी काही बोललो नाही. दर रविवारी त्याची नऊ वर्षांची लेक याच गाडीत शेजारी बसून हिंडते. उडालेल्या टोपीचे त्या क्षणी मी मनोमन आभार मानले. चकाकीखाली काय सैल झाले आहे, हे ती गेल्यामुळेच कळले.

पोर्शेचे मानचिन्ह असलेल्या टोप्याही बाजारात मिळतात. भाच्याने मागवलेल्या मात्र अगदी कोऱ्या, बिनचिन्हाच्या. मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘रूप आवडलं म्हणून घेतलं, मामा. नाव कशाला लावू? उद्या मी ही विकली आणि घेणाऱ्याने तिसऱ्याला अस्सल म्हणून खपवली तर?’

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी खऱ्या कागदावरच्या खोट्या सह्या पुष्कळ पाहिल्या. दिमाखदार लेटरहेड, गोल शिक्का, आणि आत सगळे पोकळ. इथे उलट होते. गाडी नक्कल, पण ती नक्कल आहे हे मालक आपणहून, कुणी विचारण्याआधी सांगत होता.

आपली हौस जरूर भागवावी, वाचकहो. ऐपतीपलीकडचे रूप ऐपतीत मिळत असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. वर चकाकी चढवण्याआधी आतले बोल्ट आवळावेत, आणि कोऱ्या टोपीवर दुसऱ्याचे नाव कोरू नये.