गंधाचा सापळा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वासाचा विषय निघाला की आधी वालधुनीच आठवते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी आता कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेते आणि तिच्याजवळून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. पण याच पट्ट्यात अशीही एक वनस्पती आहे, जिचा वंशच दुर्गंधीवर चालतो. ती म्हणजे शेवळं.

पहिला पाऊस पडला की बारवीच्या आणि मलंगगडाच्या बाजूच्या रानातून ठाकूर-कातकरी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. शेजारी आंबट काकडांचा वाटा असतोच. सीकेपी घरांत शेवळाची कणी होते. शेवळं म्हणजे सुरणाच्या प्रजातीतल्या एका रानवनस्पतीचा न उमललेला फुलोरा. बाहेरचा पापुद्रा हा महाछद आणि आतला दांडा म्हणजे स्थूलकणिश. दांड्याच्या तळाशी मादीफुले, त्यांच्या वर नरफुले आणि सर्वांत वर जांभळट, लांबट शेंडा.

फुलोरा उमलला की या शेंड्यातून सडक्या मांसासारखा वास सुटतो. या प्रजातीतल्या अनेक वनस्पतींच्या वासात गंधकयुक्त सल्फाइडे सापडली आहेत, आणि कुजणाऱ्या मांसातूनही तीच निघतात. काही जातींत शेंडा चक्क तापतो आणि त्या उष्णतेने गंध दूरवर पसरतो. मेलेल्या जनावराच्या शोधात आलेल्या कीटकांच्या हाती काहीच लागत नाही. मादीफुले आधी पक्व होतात आणि नरफुले नंतर, त्यामुळे एका फुलोऱ्यात परागांनी माखलेला कीटक दुसऱ्या फुलोऱ्याशी पुन्हा फसला, तरच बी धरते.

कीटकभक्षी वनस्पती याच युक्तीच्या पुढच्या पायरीवर आहेत. शेवळं कीटकाला फसवून सोडून देते, त्या मात्र त्याला पचवतात. डार्विनने 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. दवबिंदूच्या पानांवर कीटक योगायोगाने बसतात की वासाने ओढले जातात, हा प्रश्न त्याने त्यात मांडला आणि आपला कल वासाकडे असल्याचे नोंदवले. पुढे उपकरणे आली. व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानांतून साठाहून अधिक गंधद्रव्ये निघतात आणि त्यांचे मिश्रण फळा-फुलांच्या वासाशी जुळते, असे 2014 साली दिसून आले. भुकेल्या माशीला ते पान पिकलेल्या फळासारखे भासते.

इथे एक पेच आहे. या वनस्पतींनाही फुले येतात आणि परागणासाठी कीटक लागतात. सापळ्याने परागवाहकच गिळला तर बी कुठून धरणार? न्यूझीलंडमधल्या दवबिंदूच्या एका जातीत फुलाचा गंध आणि सापळ्याचा गंध वेगवेगळे आढळले. पाहुण्याला एक हाक आणि भक्ष्याला दुसरी, असा हा प्रकार. आपल्याकडे कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे दोन्ही आहेत. पैकी सीतेची आसवे गंधावर विसंबत नाहीत. त्यांच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्मजीव क्षणार्धात आत शोषून घेतात.

पुन्हा शेवळाकडे वळू. भाजी निवडताना खालचा पिवळा, खाजरा भाग टाकून देतात. ती असतात फुले. आपण खातो तो मुख्यतः वरचा शेंडा, म्हणजे गंध निर्माण करणारा अवयवच, तोही गंध सुटण्याआधी. भाजी म्हणून खुडलेल्या फुलोऱ्याचे बी कधीच होत नाही. जमिनीत कंद राहतो, म्हणून पुढच्या वर्षी शेवळं पुन्हा उगवते. मात्र कंदावर इमारत उभी राहिली की तो आधारही जातो.

दुसरा धोका हवेतला आहे. 2024 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले की वाहनांच्या धुरातून रात्री तयार होणारे नायट्रेट मूलक फुलांचा गंध मोडून टाकतात, आणि अशा फुलांकडे येणाऱ्या पतंगांच्या भेटी सुमारे 70 टक्क्यांनी घटतात. फूल जागेवर असते, पण त्याची हाक पोचत नाही. शेवळाच्या गंधातली रसायने निराळी आहेत, पण त्याच्या हाकेची वाटही हवेतूनच जाते.

बाजारात जुडी घेताना ती विकणारीला एक विचारावे, ‘रानात काही मागे ठेवलीत ना?’ बहुतेक जणी ठेवतात. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रानात यायचे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.