माऊस कुणाच्या हाती?

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंना शाळा मिळाली दीड दिवस. गोष्टी त्यांच्याकडे कमी होत्या काय? आता मराठीच्या तासाला संगणकावर हलत्या चित्रांची गोष्ट करा म्हणतात. जरूर करा. ‘स्क्रॅच’ २००७ पासून मोफत आहे. त्यात मुलीला स्वतः चित्र काढता येते, स्वतःचा आवाज भरता येतो. तयार चित्रांत ऊसतोड्यांची कोपी नसेल, तर तिने ती काढावी, आईच्या बोलीत बोलावे. गुरुजींनी ती बोली ‘शुद्ध’ करू नये.

संगणक नाही म्हणतात? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २२ वाचा. शाळा विकास आराखडा व्यवस्थापन समिती करते, तीत ७५ टक्के पालक असतात. बांधवांनो, आम्ही वकील म्हणून सांगतो, मागणी लेखी द्या, पोच घ्या.