निकाल देण्याआधी

साताऱ्याजवळ संगम माहुलीला गेलात, तर तिथे एका कुत्र्याची समाधी दाखवतात. छत्रपती शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा, खंड्या. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका आहे. भुंकणाऱ्या कुत्र्याचा अर्थ त्या क्षणी बरोबर लावणारं कुणीतरी तिथं होतं, म्हणून ही समाधी उभी राहिली.

पण तो अर्थ चुकला तर? पोलीस एखाद्या घरी जातात, कुत्रा अंगावर येतो आणि गोळी सुटते. बातमी कानावर येते आणि सातारा असो की सांगली, चहाच्या टपरीवर निकालही लागतो. कुणी म्हणतं, पोलीस निर्दय. कुणी म्हणतं, कुत्रा पिसाळलेलाच असणार. मुंगसाला मारून मग पाळण्याकडे धावणाऱ्या त्या बाईची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पण मोठेपणी विसरतो.

मुंबईत १८३२ साली असाच प्रसंग घडला. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही नेतात, अशी लोकांची तक्रार होती. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी चिडले. ६ जूनला कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला आणि लष्कर बोलवावं लागलं.

इथं दोषी कोण? पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खोटी नव्हती. लुई पाश्चर यांची लस यायला १८८५ साल उजाडलं. रोगाची लक्षणं दिसू लागली, की माणूस वाचणं आजही जवळजवळ अशक्य असतं. पण डोक्यामागे बक्षीस ठेवलं, की मोकाट आणि पाळीव हा भेद शिपायाच्या डोळ्यांना दिसेनासा होतो. शिपायाइतकाच दोष त्या हुकुमाचाही होता. संतापाच्या भरात ते कुणाला दिसलं असतं? पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. दगडफेकीने जे साधलं नाही, ते विचाराने साधलं.

आजचा कायदाही असंच थांबून पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार, कुणाचंही जनावर आगळीक म्हणून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध व्हावी लागते. जीव वाचवण्यासाठी केलेला बचाव वेगळा धरला जातो. म्हणून प्रश्न विचारायचे ते असे: कुत्रा बांधलेला होता का? अंतर किती होतं? मालकाला हाक मारायला वेळ होता का? पंचनामा झाला का? जनावरांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं का? जखम समोरून आहे की पाठीमागून?

निकाल लांबवणं म्हणजे प्रकरण सोडून देणं नव्हे. उत्तरं मिळेपर्यंत मागत राहायची आणि ती मिळाली, की मात्र कुणाचीही भीड ठेवायची नाही. ज्याच्या अंगणातली साखळी रिकामी झाली, त्याचं एवढं देणं आपण लागतोच. आणि ज्या शिपायाला क्षणात ठरवावं लागलं, त्याचंही.