सातबाऱ्यातली तिरकी रेघ

विंडोजवर एक नवी फाइल करा आणि तिला आकड्यांत ७/१२ असं नाव द्यायला जा. ७ उमटतो. तिरक्या रेघेची कळ दाबली की रेघ उमटत नाही, उलट एक छोटा फुगा वर येतो: फाइलच्या नावात ही चिन्हं चालत नाहीत. खाली नऊ चिन्हं असतात: \ / : * ? " < > |. ज्या कागदावर आपल्याकडे निम्मे वाद आणि निम्मे व्यवहार उभे असतात, त्या कागदाचं नावच संगणकाला चालत नाही.

वाशिंदला याचं महत्त्व जरा जास्त. मध्य रेल्वेवर खडवली आणि आसनगावच्या मधलं हे स्टेशन शहापूर तालुक्यात येतं. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. रस्ता येतो म्हटल्यावर मोजणी, फेरफार, संमतीपत्रं, सातबारे असे जमिनीचे कागद फिरू लागतात, आणि या कागदांत तिरकी रेघ पावलोपावली भेटते. सर्व्हे नंबर १२/३, तारीख ५/६/२०२५, शिवाय दोन-तीन रेघा पोटात घेतलेला जावक क्रमांक. कागदावर कुणाचं काही बिघडत नाही. तेच फाइलच्या नावात घातलं की अडतं.

गंमत अशी की १२/३ मधल्या रेघेचा तलाठ्याच्या लेखी जो अर्थ, जवळपास तोच संगणकाच्या लेखी आहे. तलाठी म्हणतो, बारा नंबरातला तिसरा हिस्सा. संगणक म्हणतो, १२ नावाच्या फोल्डरमधली ३ नावाची फाइल. भांडण अर्थावरून नाही. ती रेघ संगणकाने स्वतःच्या कामासाठी आधीच राखून ठेवली आहे, एवढंच.

बाकीची आठ चिन्हंही अशीच राखीव. युनिक्समध्ये फोल्डर वेगळे दाखवायला / होती. मायक्रोसॉफ्टचं डॉस १९८१ साली आलं तेव्हा त्यात फोल्डरच नव्हते, आणि / हे चिन्ह आज्ञेला जोडायच्या सूचनांसाठी वापरात होतं. १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. तोवर / ची जागा भरलेली, म्हणून उलटी रेघ \ घेतली. मोकळीक मात्र दोन्हींना दिली नाही. : हे सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह यांच्या मागे लागतं. * आणि ? म्हणजे 'इथे काहीही चालेल' आणि 'इथे कोणतंही एक अक्षर चालेल'. < > आणि | मजकूर फाइल आणि प्रोग्राम यांच्यात किंवा एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे वळवतात. दुहेरी अवतरणात मोकळी जागा असलेलं नाव बांधतात. याशिवाय CON, PRN, AUX, NUL ही नावं कीबोर्ड-पडदा, प्रिंटर अशा यंत्रांसाठी राखीव. एका भारतीयाने हे 'गूढ' शोधलं आणि मायक्रोसॉफ्टलाही उत्तर देता आलं नाही, असा मजकूर आपल्याकडे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आला. गूढ वगैरे काही नाही. पहिल्या डॉसचा वारसा आहे.

माणूस स्वतः नाव टंकतो तेव्हा विंडोज त्याला अडवतं. अडचण प्रोग्राम नाव बनवतो तेव्हा येते. व्हिज्युअल बेसिक ६ ही भाषा १९९८ साली आली आणि ती लिहिण्याच्या साधनाला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार २००८च्या एप्रिलमध्ये संपला. तरी तिच्यात लिहिलेले प्रोग्राम विंडोजवर अजून चालतात, कारण त्यांना लागणारा भाग विंडोजसोबत येतो. हिशेब, पावत्या, निकालपत्रकं अशा कामांना ही भाषा फार सोयीची होती. असा प्रोग्राम पडद्यावरच्या रकान्यात भरलेलं नाव उचलतो, त्याला शेपूट (एक्स्टेन्शन) जोडतो आणि त्या नावाची फाइल करतो. रकान्यात काय भरलंय ते आधी तपासायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं.

तपासणी अवघड नाही. नावातलं एकेक अक्षर भाषेतल्या 'मिड' या आज्ञेने काढायचं आणि 'इनस्टर'ने विचारायचं, हे त्या नऊ चिन्हांच्या यादीत आहे का? किंवा 'लाइक' वापरून एका ओळीत उरकायचं. 'लाइक'मध्ये मात्र * आणि ? यांना स्वतःचा अर्थ आहे, म्हणून ती चौकटी कंसात कोंडावी लागतात, आणि दुहेरी अवतरण यादीत घालायचं तर ते दोनदा लिहावं लागतं. ३२च्या खालच्या संकेतांची न दिसणारी चिन्हंही नाकारायची. शेवटचं टिंब आणि शेवटची मोकळी जागा विंडोज गुपचूप गाळतं, म्हणून 'बी.ए.' असं नाव दिलेल्या फोल्डरचं शेवटचं टिंब नंतर सापडत नाही. इथपर्यंतचं सगळं कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळेल. मराठी माणसाच्या अडचणी इथून पुढे सुरू होतात.

व्हिज्युअल बेसिक ६ मजकूर आत युनिकोडमध्ये ठेवतं, पण दाराबाहेर पाठवताना त्याचं जुन्या एकबाइटी संकेतांत रूपांतर करतं. थाई किंवा रशियन लिपीला विंडोजने तसे जुने संकेत दिले होते. देवनागरीला दिले नाहीत. विंडोजमध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोड घेऊनच. त्यामुळे बाहेर पडताना प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लागतं. 'वाशिंद' या नावात व, काना, श, वेलांटी, अनुस्वार आणि द असे सहा संकेत आहेत. फाइल उघडायची आज्ञा दिली की सहा प्रश्नचिन्हं बाहेर जातात, आणि प्रश्नचिन्ह तर निषिद्ध! बावन्न नंबरची चूक येते: फाइलचं नाव वाईट आहे.

इथे एक बारकावा आहे. तुमची तपासणी या नावाला पास करते, कारण ती आतल्या, शाबूत मजकुराची होते. नाव बिघडतं ते तपासणीनंतर. चूक आली तर नशीब म्हणायचं. फाइल पुसायची 'किल' ही आज्ञा ? आणि * यांचा 'काहीही चालेल' हाच अर्थ घेते. वाशिंद नावाची एक फाइल पुसायला जावं, तर त्याच फोल्डरमधल्या सहा रोमन अक्षरांच्या नावाच्या, तेच शेपूट असलेल्या सगळ्या फायली जातील. विचारणा वगैरे काही नाही. यावर इलाज म्हणजे भाषेच्या स्वतःच्या आज्ञा सोडून 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट' वापरायचं. ते नाव युनिकोडमध्येच पुढे देतं.

हा इलाज ठाऊक नव्हता किंवा नको होता, तेव्हा लोकांनी दुसरी वाट काढली होती: कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फाँट. संकेत इंग्रजी अक्षराचा, चेहरा मराठी अक्षराचा. पडद्यावर छान मराठी दिसतं आणि प्रोग्रामला वाटतं, इंग्रजी चाललंय. यात काय घडतं ते कृतिदेवच्या ०१० क्रमांकाच्या फाँटमध्ये बघण्यासारखं आहे. त्याची मांडणी रेमिंग्टन टंकयंत्राची. त्यात अर्धा ध / वर बसतो आणि अर्धा घ ? वर. ढ गेला < वर, झ गेला > वर. अर्धा ष दुहेरी अवतरणावर, रू : वर, द्य | वर. उलट्या रेघेवर खुद्द प्रश्नचिन्ह आहे आणि * वर अवतरणचिन्ह. म्हणजे निषिद्ध नऊच्या नऊ चिन्हं मराठी-हिंदीच्या रोजच्या कामाला जुंपलेली!

मग नेहमीच्या नावांचं काय होतं? 'विद्यालय' अडतं, कारण द्य म्हणजे |. 'घरपट्टी' अडते, कारण घ म्हणजे ? आणि काना. शहापूर तालुक्यातलं अघई याच कारणाने अडतं, माळशेज घाटही. 'आधार' लिहिलं तर प्रोग्राम 'आ' नावाचा फोल्डर शोधायला जातो आणि मार्ग सापडत नाही अशी शहात्तर नंबरची चूक देतो. मुरबाड तालुक्यातल्या धसईची तऱ्हा निराळी. राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून २०१६च्या डिसेंबरात बातम्यांत आलेलं ते हेच धसई. नावाच्या सुरुवातीलाच ध, म्हणजे सुरुवातीलाच / आली. ती आधीच्या फोल्डरच्या रेघेला जाऊन मिळते आणि विंडोज दोन्ही रेघा मिळून एकच धरतं. फाइल बिनबोभाट तयार होते, फक्त नावातला ध गळून 'ासई' उरतं. पुढे कुणी तिला शोधू गेलं तर त्याने कुठल्या अक्षराखाली शोधायचं?

वाशिंद या फाँटमध्ये पास होतं. श साठी एकेरी अवतरण लागतं आणि ते फाइलच्या नावात चालतं. पण तेच नाव डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात घातलं की ते एकेरी अवतरण मजकूर संपल्याची खूण ठरतं आणि प्रश्न अर्ध्यात तुटतो. फाइलची तपासणी वेगळी आणि डेटाबेसची वेगळी, हे शिकायला गावाचं नावच पुरेसं आहे.

आज युनिकोड आहे म्हणून सगळं सुटलं असंही नाही. 'दु:ख', 'स्वत:', 'अंशत:' यांत विसर्गाच्या जागी कोलन टंकायची सवय आपल्या बोटांत अजून मुरलेली आहे. डोळ्यांना फरक जाणवत नाही. विसर्ग हे देवनागरीचं अक्षर, ते चालतं. कोलन चालत नाही. पूर्णविरामाचा दंड । चालतो आणि त्याच्यासारखी दिसणारी | चालत नाही. 'शेतकऱ्याचा अर्ज' यातला ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकीत न दिसणारं जोडचिन्ह असतं. दोन्ही तऱ्हांना विंडोजची मान्यता आहे. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये अगदी एकसारख्या नावाच्या दोन फायली राहू शकतात, आणि शोध घेतला की एकच सापडते.

आता निषिद्ध चिन्ह सापडलं, पुढे काय? बहुतेक प्रोग्राम ते चिन्ह गाळून टाकतात. मला हा उपाय सगळ्यांत वाईट वाटतो. सर्व्हे नंबर १२/३ मधली रेघ गाळली की १२३ उरतं. १/२३ मधली गाळली तरी १२३च. आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये 'आउटपुट'साठी फाइल उघडली की त्या नावाची आधीची फाइल न विचारता रिकामी होते. दोन वेगवेगळ्या माणसांच्या जमिनींचे कागद एका नावावर आले, आणि त्यातला पहिला गेला. रेघेच्या जागी - घालणं बरं, पण १२-३ असं आधीच लिहिणारे लोकही आहेत. त्यामुळे नाव तयार झाल्यावर त्या नावाची फाइल आहे का, हे बघितलंच पाहिजे. ते 'डिर'ने बघत असाल तर * आणि ? आधी वगळा, नाहीतर कोणतीही फाइल सापडली तरी 'आहे' असं उत्तर येईल.

माझ्या मते सर्व्हे नंबर, गाव, खातेदार यांची जागा फाइलच्या नावात नाहीच. ते डेटाबेसच्या रकान्यात जसंच्या तसं, तिरक्या रेघेसकट, विसर्गासकट ठेवावं आणि फाइलला साधा चढता क्रमांक द्यावा. हाताने नावं द्यायची असतील तर तारीख उलटी, वर्ष आधी घालून आणि आडव्या रेघांनी लिहावी: २०२५-०६-०५. मग फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

एवढं करूनही माणसाने निषिद्ध चिन्ह टंकलंच, तर त्याला ते नीट सांगावं. 'शहात्तर नंबरची चूक' यातून कुणालाच काही कळत नाही. 'नावात / चालत नाही, त्याजागी - घाला' असं सांगितलं तर कळतं. फक्त हे वाक्य मराठीत दाखवायचं कसं? व्हिज्युअल बेसिक ६ची संदेशपेटीही मजकूर त्याच दारातून बाहेर पाठवते, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांची ओळ उमटते. म्हणून प्रोग्राम लिहिणारे हे मराठी वाक्य रोमन अक्षरांत लिहून मोकळे होत.