नळाचा पिवळा रंग आणि पाईपवरचा मीटर

पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक किंवा आरोग्यसेवक नळाचे पाणी छोट्या परीक्षानळीत घेतो, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो आणि रंग बघतो. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर काळजीचे कारण आहे. हीच ती ‘ओटी टेस्ट’. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहायला हवे.

गावाच्या टाकीत किती पाणी मावते हे ठाऊक असते, त्यामुळे टीसीएल पावडर मोजून कालवता येते. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी थांबतच नाही. एक पंप चालू असताना प्रवाह वेगळा, दोन चालू असताना वेगळा. म्हणून पाईपवर प्रवाहमापक बसवतात आणि त्याच्या आकड्यावर क्लोरीन सोडणारा पंप चालतो. ३०० मिमी व्यासाच्या पाईपमधून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी गेले, तर दिवसाला सुमारे ६१ लाख लिटर होते. लिटरमागे १ मिलिग्रॅमचा डोस धरला तर रोज सुमारे ६ किलो क्लोरीन लागते. मीटरने प्रवाह निम्मा दाखवला तर डोसही निम्मा पडतो.

या कामासाठी सर्रास वापरला जातो तो विद्युतचुंबकीय प्रवाहमापक, कारखान्यांच्या भाषेत ‘मॅग मीटर’. त्याच्या आत फिरणारे चाक नसते, पाण्याच्या वाटेत काहीही आडवे येत नाही. पाईपच्या बाहेर तांब्याच्या कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करतात. त्यातून वीजवाहक पाणी वाहिले की पाण्यातच अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. आतल्या रबराच्या किंवा टेफ्लॉनच्या अस्तरातून डोकावणारी दोन बटणाएवढी इलेक्ट्रोड तो टिपतात. वेग दुप्पट, तर दाब दुप्पट.

कल्पना मायकेल फॅरेडेची. १८३२ च्या जानेवारीत त्यांनी लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावर ९६० फूट तार ताणली, तिच्या टोकांना धातूचे पत्रे जोडून ते थेम्स नदीत सोडले आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वाहणारे पाणी वीज देते का ते पाहिले. काटा हलत होता, पण वाटेल तसा. दोन काठांच्या पाण्यातला फरक, तापमानातला फरक, पत्रे आणि डाख यांतला बारीक फरक अशी कारणे निघत गेली. आजचे मीटर कॉइलमधील प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेकदा उलटवून असले फसवे दाब बाजूला काढतात. तरीही फॅरेडेंना छळणारी अडचण पूर्णपणे गेलेली नाही. ती पुलावरून मीटर बसवणाऱ्या फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या हातात आली आहे, इतकेच.

कारण मिळणारा दाब अगदीच किरकोळ असतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा. मॅग मीटरच्या इलेक्ट्रोडवर त्याच्या साधारण हजाराव्या भागाएवढाच दाब असतो. शेजारी ४१५ व्होल्टची मोटर घरघरत असताना हे कुजबुजणे ऐकायचे असते.

सुरुवात पाईपपासून. मॅग मीटर मोजतो वेग, आणि पाईप काठोकाठ भरलेला आहे असे गृहीत धरून त्याचे लिटर करतो. पाईप पाऊणच भरलेला असेल तरी हिशेब पूर्ण पाईपचा होतो आणि आकडा फुगतो. म्हणून पाईपलाइनच्या सर्वांत उंच जागी, जिथे हवा साठते, तिथे मीटर नको. पाणी खालून वर चढते ती उभी जागा उत्तम. आडव्या पाईपवर बसवायचा तर दोन्ही इलेक्ट्रोड डाव्या-उजव्या बाजूला यावीत. वर-खाली आली तर वरच्यावर बुडबुडे आणि खालच्यावर गाळ बसतो. बेंड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह यांच्या लगेच पुढे पाणी भोवऱ्यासारखे वाहते, म्हणून मीटरच्या आधी साधारण पाच व्यास आणि नंतर दोन व्यास सरळ पाईप ठेवतात. ३०० मिमीच्या पाईपला हे दीड मीटर आणि ६० सेंटीमीटर होते. जागा नाही म्हणून हे अंतर खाल्ले जाते ते बहुधा कागदावर आराखडा होतानाच, मग फिटरला दोष देऊन उपयोग नसतो.

गॅस्केट आत डोकावू नये. ग्रॅफाइटचे तर नकोच, कारण त्याचा वीजवाहक थर आतल्या अस्तरावर चढू शकतो. आणि मीटर लाइनमध्ये असताना शेजारी फ्लँजचे वेल्डिंग करणे म्हणजे अस्तर वितळवण्याची तयारी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. इथले अर्थिंग शॉक लागू नये एवढ्यापुरते नाही. इलेक्ट्रोडवरचा दाब कशाच्या तुलनेत मोजायचा, तर पाण्याच्या. त्यामुळे मीटरचा सांगाडा आणि पाणी यांचा विद्युत संबंध जुळलेला असावा लागतो. लोखंडी पाईपमध्ये तो फ्लँजला तार जोडून जुळतो. पीव्हीसी किंवा एचडीपीई पाईप असेल, किंवा आतून अस्तर लावलेला असेल, तर पाणी कुठल्याच धातूला स्पर्श करत नाही. तिथे मीटरच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या अर्थिंग रिंग घालून त्या तांब्याच्या तारेने सांगाड्याला जोडतात. खर्च वाचवायला याच रिंग वगळल्या जातात आणि मग आकडा कारण नसताना नाचत राहतो.

नंतर केबल. सेन्सर खड्ड्यात आणि पडदा भिंतीवर असेल तर मध्ये दोन केबल जातात. एक कॉइलला प्रवाह पुरवते, दुसरी इलेक्ट्रोडचा क्षीण संकेत आणते. दुसरी शील्डची, म्हणजे धातूच्या जाळीने वेढलेली हवी आणि मोटरच्या केबलसोबत एकाच नळीतून जाऊ नये. पंपाला व्हीएफडी असेल तर मुळीच नाही. शील्ड कुठल्या टोकाला अर्थ करायची ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते, बहुधा एकाच. मनाने दोन्ही टोके अर्थ केली तर दोन अर्थमधील फरकाने जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो. उरलेली केबल वेटोळे करून ठेवू नये, कापून टाकावी. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झुकलेली असावी, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकेल आणि डब्यात शिरणार नाही.

कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर मीटर प्रवाह उलटा दाखवतो. एकाच दिशेसाठी लावलेल्या यंत्रात बाहेर जाणारा संकेत ४ मिलिअँपिअरवर, म्हणजे शून्यावर, अडकून बसतो. पाणी शहराकडे निघालेले, क्लोरीनचा पंप मात्र निवांत. (इलेक्ट्रोडच्या ताराही उलट्या लागल्या तर चूक चुकीला खोडते आणि कोणाला पत्ताच लागत नाही.)

हेच तत्त्व माणसाच्या शरीराच्याही कामी आले. रक्त खारट, म्हणजे वीजवाहक. १९३६ मध्ये अलेक्झांडर कोलिन यांनी या पद्धतीने रक्तप्रवाह मोजण्याचा मार्ग मांडला, तोही रक्तवाहिनी न उघडता. डिझेल किंवा खाद्यतेल वीज वाहून नेत नाही, तिथे हा मीटर मुका होतो. इंजेक्शनसाठीच्या अतिशुद्ध पाण्याचेही तेच.

मीटर नीट बसला की नाही याची एक परीक्षा कुठल्याही केंद्रावर करता येते. पाईप भरलेला ठेवून मीटरपुढचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा, पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यायचे. पडद्यावर शून्य यायला हवे. मग शेजारच्या लाइनची मोटर चालू करायची. शून्य हलले, तर तारांकडे परत जायचे.